शेऱ्याचा रकाना

नीळकंठनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याला वीजचोर वाटले. त्यात त्याची फारशी चूक नव्हती. डिसेंबरातली सकाळ, अंगात आईचा स्वेटर, कानाला गुंडाळलेला मफलर, आणि मी आमच्या शेताच्या बांधावर डीपीच्या — म्हणजे खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या — अगदी खाली उभी राहून एक जुना रेडिओ कानाशी धरलेला. रेडिओवर एकही स्टेशन लागत नव्हतं. मला ते लागायला नकोच होतं.

मागे मोटरसायकल थांबली.

"आकडा टाकून राह्यल्या का?"

मी वळले. उंच, सावळा, झोप न झाल्यासारखे तांबूस डोळे, गळ्यात सबस्टेशनचं ओळखपत्र.

"आकडा टाकायला आधी तारेत वीज लागते," मी म्हणाले. "तुमच्या तारेत आहे कुठे?"

"नाई नं. ह्या हप्त्यात शेतीची लाइन रातची हाय, दिवसा बंद." तो दोन पावलं जवळ आला. "मंग त्या मेलेल्या तारेले कान काऊन लावला?"

"खरंच मेली आहे का ते ऐकत होते. मला वीज नकोय. वीज नसलेली जागा हवी आहे."

त्यानं गाडीची किल्ली खिशात टाकली.

"मॅडम, चार वर्सं झाले मी सबस्टेशनात ऑपरेटर हाय. दिवसाले पन्नास फोन येतात, लाइट कवा येईन म्हून. लाइट नसल्याची खुशी झालेल्या तुमी पयल्याच."

आणि हसला. मला ते हसणं आवडलं. आवडल्याचा रागही आला, कारण त्या आठवड्यात मला काही आवडून घ्यायला वेळ नव्हता.

"कोनाच्या तुमी?"

"शालूबाईची सुचिता. पुण्याला असते."

"हाव, त्या तारवाल्या! मावशी सांगत असते, पोरगी केसाहून बारीक तार बनवते. आमाले वाटलं, दागिन्यायची असन."

मग बांधावर बसून मी त्याला सगळं सांगितलं. का सांगितलं, ठाऊक नाही. बहुधा तो मध्ये बोलला नाही म्हणून.

माझी तार सिलिकॉनची. एका केसाच्या जाडीत तशा दीड हजार मावतील. तिच्यातून अगदी इवलासा प्रवाह जातो, पण तो सरळ जात नाही, थरथरत जातो. तारेच्या पृष्ठभागावर बारीक दोष असतात; एखादा इलेक्ट्रॉन त्यात अडकतो, आपल्या मर्जीनं सुटतो, आणि दर वेळी प्रवाह वरखाली होतो. त्या थरथरीला आम्ही नॉइज म्हणतो. उद्या याच तारांपासून शरीरातला एखादा रोग ओळखणारं यंत्र करायचं, तर आधी ही थरथर कमी व्हायला हवी. तारेवर एक पातळ थर चढवून तिला हळूहळू भाजायची रीत मी चार वर्षं घालून बसवली होती. त्यानं दोष बुजतात, थरथर दहावा हिस्सा उरते... निदान माझं म्हणणं तसं होतं. पेपर तपासणारे म्हणाले, एका तासाचं शांत रेकॉर्ड दाखवा. आणि आमच्या लॅबला एका बाजूला लिफ्ट, दुसऱ्या बाजूला मेट्रोचं खोदकाम. त्या गोंगाटात माझ्या तारेची कुजबुज ऐकूच येत नव्हती. उत्तराची मुदत सोमवार. ती हुकली की पेपर गेला, आणि पेपरशिवाय थिसिस नाही.

"सोमवारपासून लाइन दिवसाची होते," तो म्हणाला. "आन् रविवारी तुमी जाता. म्हंजे तुमच्यापाशी शनवारपर्यंत टाइम हाय. आज बुधवार." तो उठला, पँट झटकली. "अर्थिंग कोन करून देऊन राह्यलं?"

"मीच करणार आहे."

"तुमी कोठीत तार ठेवा. जमीन माह्याकडं."

कोठीचं मी त्याला सांगितलं होतं. शेतातल्या खोलीत आईची गव्हाची पत्र्याची कोठी. बाहेरची भटकी वीज अडवायला चारी बाजूंनी पत्रा लागतो, आणि इतका चांगला पत्रा मला पुण्यातही मिळाला नसता. आईनं कुरकुरत गहू पोत्यात काढले.

"चार वर्सं शिकली आन् शेवटी माह्याच कोठीत हात घातला व माय."

आत तार, शेजारी अॅम्प्लिफायर, त्याला फवारणीच्या पंपातली बॅटरी. वर झाकण. दुपारी नीळकंठनं खोलीमागे खड्डा खणला, कोळसा-मीठ घातलं, रॉड ठोकला आणि हिरवी वायर आत आणून दिली. हात काळ्या मातीनं माखलेले. चहा दिला तर कप धरायला त्याला जागाच नव्हती, म्हणून त्यानं तो मनगटांत धरून प्यायला.

गुरुवारी मी लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर विजेचा जाडजूड घूं-घूं दिसला. लाइन बंद असताना. दोन तास मी एकेक जोड तपासला, बॅटरी बदलली, आईवर उगाच चिडले. शेवटी कोठीच्या मागे हात घातला तर तिथे दुसरी हिरवी वायर.

"ही कोणी लावली?"

"म्याच." नीळकंठ दारात उभा होता, चेहऱ्यावर शाबासकीची वाट. "एक तुटली तं दुसरी पायजे. आमच्यात कोन्त्याही मशीनले दोन अर्थिंग लागतेच. नियम हाय."

"दोन अर्थिंग म्हणजे दोन जागची जमीन. गावातून झिरपणारी वीज एका खड्ड्यातून वर येते, माझ्या कोठीतून फिरते आणि दुसऱ्या खड्ड्यात उतरते. तुमचा नियम माणसं चिकटून मरू नयेत म्हणून आहे. माझ्या कोठीला कोण चिकटणार?"

त्यानं कोठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमी," तो म्हणाला. "दिवसभर तिले हात लावून तुमीच बसता नं."

माझा दिवस गेला होता, डोकं तापलं होतं, आणि तरी त्या वाक्यावर मला पुढे रागावता येईना. मी फक्त म्हणाले, "एक काढा." त्यानं काढली. पडद्यावरचा फुगवटा डोळ्यांदेखत बसला.

"मंग ही एक तरी पक्की पायजे," असं म्हणून त्यानं विहिरीवरून बादली आणली आणि उरलेल्या खड्ड्यात हळूहळू पाणी सोडलं. आमची काळी माती वाळली की भेगाळते, मग अर्थिंग कच्चं पडतं. त्या दिवसापासून तो आला की आधी खड्ड्याला पाणी, मग मला नमस्कार.

तरीही एक बारीक किरकिर उरली होती. ती नीळकंठनंच शोधली, माझा रेडिओ घेऊन शेतभर फिरून. शेजारच्या किसनरावांचा सौर पंप. लाइनशी त्याला देणंघेणं नाही. ऊन पडलं की पंप सुरू, आणि त्याचा कंट्रोलर दिवसभर किरकिरणार. आम्ही दोघं त्यांच्या बांधावर गेलो.

"माह्या हरबऱ्याचं पानी बंद करू म्हंता?" किसनराव म्हणाले. "कायच्यासाठी, तं तारेसाठी?"

"काका, फकस्त अकरा ते बारा," नीळकंठ म्हणाला. "तवा तुमी जेवता."

"मी जेवतो तवा हरबराही जेवते बावा."

"दोन दिवस, काका."

किसनरावांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हंते ती तार? आयकू तं दे मले."

मी त्यांना खोलीत आणलं, अॅम्प्लिफायरला छोटा स्पीकर जोडला. आधी न भाजलेली तार. ती पत्र्यावर गारा पडाव्यात तशी तडतडली. मग माझी, थर चढवलेली. किसनरावांनी कान जवळ नेला, टोपी सरकवली, पुन्हा नेला.

"ही चालू हाय का बंद हाय?"

"चालू आहे."

ते थोडा वेळ तसेच वाकून राहिले. "बंद ठेवतो मंग मोटर," ते म्हणाले. "अकरा ते बारा."

शुक्रवारी अकराला आम्ही बसलो. नियम एकच — बोलायचं नाही. आवाजानं हवा हलते, हवेनं केबल हलते, आणि केबल हलली की रेकॉर्डवर उडी. मोबाइल बंद करून लांब पिंपळाखाली डब्यात. पण कुठे काही हललंच तर वेळेसकट नोंद हवी, म्हणजे ती उडी तारेची नाही हे सांगता येतं. ते काम नीळकंठनं आपण होऊन घेतलं. सबस्टेशनात दर तासाला वही भरायची त्याची सवय. त्यानं शाळेच्या वहीत पट्टीनं रकाने आखले होते — वेळ, घटना, शेरा — आणि वही दोघांच्या मध्ये ठेवली.

११:०५ — सर्व शांत. शेरा: काही नाही.

११:०९ — बांधावरून बकऱ्या गेल्या. एकीने आत डोकावले. शेरा: कामात अडथळा नाही.

११:१४ — मॅडम रागाने पाहत आहेत. शेरा: कारण समजून आले नाही.

मी वही ओढली. ११:१५ — पेन करकरतोय. पेन्सिल घ्या.

११:१६ — पेन्सिल घेतली. शेरा: मॅडमची आहे. परत करण्याची घाई नाही.

मी ओठ दाबून धरले. हसायलाही बंदी होती.

११:२१ — मॅडमच्या केसांत तुरीचे पान. शेरा: हालचाल बंद असल्याने काढता येत नाही. सबब दिलगीर.

११:२२ — राहू द्या.

११:२३ — राहू दिले. शेरा: छान दिसते.

मी पडद्याकडे बघितलं. रेघ सरळ होती. माझ्या छातीत काय चाललं होतं त्याचा तिच्यावर काही परिणाम नव्हता, आणि मला त्या पत्र्याचं फार कौतुक वाटलं.

११:३७ला मात्र संपलं. त्या दिवसाची शेवटची नोंद अशी — बकरी परत आली. कोठीला शिंग लावले. आतला जोड सुटला. शेरा: मॅडम जे बोलल्या ते येथे लिहीत नाही.

सामान आवरताना पाहिलं तर तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगत होता.

"तुमची ड्युटी कधी असते?"

"रातपाळी हाय ह्या हप्त्यात." तो दचकून सावरला. "आठले सुटतो सकाळी."

"आणि झोपता कधी?"

"इथून गेलो की. दोन-तीन घंटे होते."

तीन दिवस हा माणूस झोप मोडून माझे खड्डे खणत होता, त्यांना पाणी घालत होता आणि मी त्याला पेनावरून बोलत होते.

"का पण?" मी विचारलं. "तुम्हाला यात काय..."

त्यानं पेन्सिल बोटांत फिरवली.

"रातभर आकडे लिवतो मी. व्होल्टेज इतकं, लोड इतका. शेऱ्याच्या रकान्यात रोज एकच, सर्व ठीक. चार वर्सं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "पयल्यांदा त्या रकान्यात लिवाले काही भेटलं, सुचिता."

मॅडम गेलं होतं. ते आम्ही दोघांनीही ऐकलं आणि कुणीच दुरुस्त केलं नाही.

शनिवारी त्यानं बकऱ्यांसाठी दाराला फळी लावली होती. खिशात उकडलेल्या तुरीच्या शेंगा होत्या, बारा वाजल्यानंतर खायच्या म्हणून. किसनरावांनी अकराला पाच मिनिटं कमी असतानाच मोटर बंद केली. रेघ सुरू झाली.

इतकी शांत रेघ मी चार वर्षांत पाहिली नव्हती. अकरा दहा. अकरा वीस. खिडकीतून उन्हाचा पट्टा आमच्या पायांवरून सरकत होता, आणि वहीत ओळीमागून ओळ फक्त 'सर्व शांत'. त्याच्या शेऱ्यांत आज गंमत नव्हती. मला चुकल्यासारखं वाटत होतं. उद्या सकाळी आठची गाडी... लॅबचं सामान परत करायचं, पेपर पाठवायचा. मग इथे यायला माझ्याकडे आईखेरीज काही कारण नव्हतं, आणि आईकडे मी वर्षातून दोनदा येत होते.

अकरा चाळीसला त्यानं पेन्सिल उचलली. लिहिलं, थांबला, पुन्हा लिहिलं. मग वही अगदी अलगद माझ्या गुडघ्याशी सरकवली.

११:४२ — प्रश्न. काम संपल्यानंतर मॅडम इकडे येणार आहेत किंवा कसे? येण्यास कारण नसल्यास, सदर ऑपरेटर हे कारण चालेल काय? शेरा: उत्तराची सक्ती नाही.

मी एकदा वाचलं. 'सदर ऑपरेटर' या शब्दांपाशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला मी हात उचलला. कोपर केबलला लागलं.

पडद्यावर रेघ उभी उडाली, तीन सेकंद थरथरली आणि पुन्हा शांत झाली.

आम्ही दोघांनीही ते पाहिलं. नीळकंठनं डोळे मिटले. आणि बोलायचं तर नव्हतंच. अजून अठरा मिनिटं रेकॉर्ड चालू होतं. तो प्रश्न मांडीवर घेऊन मी अठरा मिनिटं दगडासारखी बसले. त्यानं फक्त एक ओळ लिहिली. ११:४३ — चूक ऑपरेटरची.

बाराला किसनरावांची मोटर घरघरली.

"सलग तास पायजे होता नं तुमाले," तो म्हणाला. "म्या बिघडवला."

"आजच विचारायचं होतं?" माझा आवाज मला नको तेवढा चढला. "चार वर्षांचं काम आहे माझं."

"उद्या तुमी जाऊन राह्यल्या," तो म्हणाला. "मंग कवा इचारू?"

त्यानं शेंगा खिशातून काढून कोठीवर ठेवल्या आणि गेला. मी थांबवलं नाही. चूक माझ्या कोपराची होती, आणि रागावले मी त्याच्यावर.

संध्याकाळी आकडेमोड केली. नॉइज दहाव्या हिश्श्याहूनही खाली आला होता. फक्त ती तीन सेकंदांची उडी. तिचं कारण दाखवलं नाही तर कुणीही म्हणेल, ही उडी तारेचीच आहे, दोष बुजलेलेच नाहीत. कारण दाखवायचं तर वहीचं ते पान पाठवायचं. बकरीवर ढकलता आलं असतं. मी पेन्सिल उचललीही होती, '११:४२ — बकरी' एवढंच लिहायचं होतं... मग आदल्या दिवशीची ओळ दिसली. छान दिसते. त्या वहीत मला खोटं लिहवेना. मी पानांचे फोटो काढले आणि माझ्या गाइड स्नेहलता मॅडमना रेकॉर्डबरोबर पाठवून दिले. मग आईच्या शेजारी जाऊन भाकरी थापत बसले, आणि दोन भाकरी करपवल्या.

मॅडमचा फोन आला.

"रेकॉर्ड उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "तीन सेकंद काढून दोन तुकडे दाखवू. बाहेरचं कारण लेखी असेल तर चालतं. पण ते लेखी नाहीये, सुचिता."

"पान पाठवलंय ना, मॅडम."

"त्या पानावर एक प्रश्न आहे आणि ऑपरेटरनं घेतलेला दोष आहे. केबलला हात कुणाचा लागला, ते कुठे लिहिलंय? ज्याचा हात लागला त्यानं नोंद करायची असते." मग जरा थांबून, तितक्याच कोरड्या आवाजात, "आणि कारणही. परीक्षकांना मी फक्त हाताची ओळ भाषांतर करून देईन. पण अर्धवट वही मी माझ्या लॅबमध्ये ठेवत नाही. उद्या सकाळी पूर्ण करून पाठव. खरं लिही."

रविवारी पावणेआठला मी बॅग घेऊन सबस्टेशनच्या फाटकाशी उभी होते. आत ट्रान्सफॉर्मर घुमत होते, तारा गुणगुणत होत्या. माझ्या कामासाठी जगातली सगळ्यात वाईट जागा. नीळकंठ टेबलाशी होता. मला पाहून उभा राहिला आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाला, "गाडी आठची हाय नं तुमची?"

"वही पूर्ण करायची राहिली आहे."

मी शाळेची वही टेबलावर उघडली, पेन्सिल काढली. त्यानं माझा हात थांबवला. म्हणजे हात धरला नाही, फक्त पेन्सिलीचं टोक धरलं.

"मागून नोंद करायची तं लाल पेनानं," तो हळू म्हणाला. "आन् लिवल्याची वेळ वेगळी टाकायची. सही करायची. नियम हाय."

त्यानं लाल पेन दिला. मी लिहिलं. तो मुद्दाम खिडकीबाहेर बघत उभा होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

लिहून झाल्यावर मी वही त्याच्याकडे फिरवली. त्यानं ती रीडिंग वाचतात तशी, बोट ठेवून वाचली.

११:४२ — माझा हात केबलला लागला. कारण: वरील प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे हे मला एकदम समजलं. शेरा: सदर ऑपरेटर चालेल. नोंद रविवारी सकाळी ७:५० वाजता. सुचिता.

त्याचं बोट वेळेवर थांबलं.

"हे उत्तर आजचं हाय का कालचं?"

"वेळेच्या रकान्यात बघा."

"अकरा बेचाळीस."

"मग कालचंच आहे. लिहायला उशीर झाला. मला आधी रागवायचं होतं."

तो हसला, बांधावर हसला होता तसा. मी म्हणाले, "पुढच्या महिन्यात दुसरी तार घेऊन येते. तोवर खड्डा वाळू देऊ नका."

"तुमी नसल्या तरी?"

"तू म्हण."

"तू नसली तरी," तो म्हणाला, आणि ते म्हणताना अडखळला. "रोज घालीन पानी."

बाहेर रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला आणि लांब गेला. दोघांपैकी कुणीच हललं नाही. नऊला दुसरी होती. भिंतीवरच्या घड्याळात आठ झाले तेव्हा त्यानं सबस्टेशनची मोठी वही ओढली, मीटर पाहिले, आकडे भरले. शेऱ्याच्या रकान्यात चार वर्षं लिहीत होता तेच लिहिलं, सर्व ठीक, आणि मग माझ्या हातातला लाल पेन मागून घेऊन त्याच्याखाली एक रेघ ओढली.